तोंडी तक्रार घेतली जात नाही

रविवार, १ तारीख

दादा,

सहा वर्षांनी पत्र लिहितेय आणि पहिल्याच ओळीपासून भांडायचं आहे, तेव्हा खुशाली वगैरे तूच समजून घे. घरचा नियम आठवत असेलच. आई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायची आणि छापताना वाकड्या झालेल्या, रद्द केलेल्या चिठ्ठ्या घरी आणायची. आपण सोंगट्यांवरून एकमेकांच्या झिंज्या धरल्या की त्यातली एक पुढे सरकवायची. चार रकाने: तक्रारदार, कोणाविरुद्ध, तक्रार काय, काय हवं. "तोंडी तक्रार घेतली जात नाही," एवढं म्हणून परत भाजी चिरायला लागायची. लिहिता लिहिता निम्मी भांडणं आपोआप मरायची. हे मरत नाहीये, म्हणून लिहितेय.

तू घरी येऊन गेलास का? सरळ उत्तर दे.

कालचं सांगते. मी आता व्हिडिओ गेम तपासते, म्हणजे टेस्टर आहे. लोकांना वाटतं दिवसभर खेळायला मिळतं, मज्जा आहे. मी दिवसभर भिंतींना धडका देते. एकाच खोलीच्या चारही भिंती, कोपरा न कोपरा, उड्या मारत, रांगत, पाठमोरी. कुठेतरी भिंतीला न दिसणारं भोक असतं आणि तिथून खेळाडू जगाबाहेर पडतो. ते सापडलं की चिठ्ठी लिहायची: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. आईने जन्मभर तक्रारी घेतल्या, मी जन्मभर करणार. शेजारच्या टेबलावरच्याला आम्ही भिंतवाला म्हणतो, कारण त्याला भोकं माझ्यापेक्षा दुप्पट सापडतात. आम्ही दोघं दिवसाला दीडशे वेळा मरतो. मेलं की मागच्या भोज्यापासून पुन्हा सुरू. सेव्ह पॉइंटला मी भोज्याच म्हणते, आता सगळी कचेरी म्हणते.

तर नव्या खेळाची एक पातळी संगणकावर चढवण्याआधी कागदावर खेळून बघायची होती आणि फासे हवे होते. भिंतवाल्याला म्हटलं, घरी 'दोन काठ' आहे, त्यातले आणते. त्याने तो खेळ पाहिलेला नव्हता. त्याला सांगितलं, नदीच्या दोन काठांवर दोन गावं, एक लाल, एक हिरवं, लाल माझ्या भावाचं. बारा बैठका, बारा बंद पाकिटं. एक बैठक संपली की तेवढ्याच क्रमांकाचं पाकीट फोडायचं, आतून निघेल ते पटावर चिकटवायचं नाहीतर पेनाने खोडायचं. चिकटवलेलं निघत नाही, खोडलेलं परत येत नाही. तो घाबरलाच. "म्हणजे भोज्या नाही?" नाही म्हटलं. "मग कुठवर आलात?" म्हटलं, सातव्या पाकिटापर्यंत. पुढे का नाही, ते सांगितलं नाही.

घरी आले, स्टुलावर चढले, कपाटावरून पेटी काढली. हाताला धूळ लागली नाही. सहा वर्षं कपाटावर पडलेल्या पेटीवर धूळ नाही! शेजारच्या बॅगेवर बोट फिरवलं तर बोट काळं.

झाकण उघडलं आणि मी स्टुलावरून पडता पडता राहिले. आठवं पाकीट फोडलेलं. नववं, दहावं, अकरावंसुद्धा. फक्त बारावं बंद. पटावर दोन्ही गावं वाढलेली. तुझ्या खोडलेल्या ओळीच्या मागे नवी घरं, नवा धक्का, होड्या. ते जाऊ दे, तुझं गाव आहे, कर काय करायचं ते. पण माझं? माझ्या हिरव्या गावात दवाखाना आहे, दादा. मी दवाखाना बांधलेला नाही. मी आयुष्यात कुठल्याच खेळात दवाखाना बांधलेला नाही. आणि टेकडीवर, नदीपासून सगळ्यात लांबच्या चौकोनात, एक दुकान आहे. बिननावाचं.

आईला विचारलं, पेटीला कुणी हात लावला? ती वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली, "मला काय कळतंय तुमच्या खेळातलं."

म्हणजे तूच. तुझ्याकडची किल्ली तू परत दिली नव्हतीस. मी कामावर असताना यायचं, आपली चाल खेळायची आणि माझ्या वाटचंही स्वतःच खेळून जायचं? असा रडीचा डाव लहानपणीसुद्धा कुणी खेळलं नाही. मला दवाखाने बांधणारी करून ठेवलंस! पट बघून माझं डोकं सुन्न झालंय, आणि राग त्याच्याही वर आलाय.

आणि विषय निघालाच आहे तर तेव्हा बोलले होते ते आता लेखी देते: सातवं पाकीट मी आधी फोडलेलं नव्हतं. तू तेव्हाही उगाच आळ घेतलास आणि आताही उगाच चोरून खेळतोयस.

तुझा पत्ता आईच्या वहीतून घेतला, तिला न विचारता. उत्तर लेखी हवं.

— धाकटी


गुरुवार, १२ तारीख

दादा,

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर आलं की न वाचता फाड. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

आज दुपारी कचेरीतले सगळे संगणक एकदम बसले. भिंतवाल्याने एका भिंतीला अशी काही धडक दिली की त्याबरोबर सगळंच कोसळलं, असं आम्ही हसत म्हणत होतो. आम्हाला घरी पाठवलं. तीनला मी दार उघडलं.

जेवणाच्या टेबलावर 'दोन काठ' मांडलेला होता. आईच्या नाकावर चष्मा, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात भुवयांचा चिमटा, आणि चिमट्याच्या टोकाला हिरव्या घराची चिकटपट्टी. समोर फोन, मोठ्या आवाजावर, नुसता वाजत होता. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

मी दारातच उभी राहिले. ही बाई आपल्याला सोंगट्या मांडताना बघून म्हणायची, "झाले सुरू रिकामटेकडे उद्योग." हिने पत्ते हातात धरलेले मी कधी पाहिले नव्हते.

तिने वर पाहिलं. दचकली, पण चिमटा हलू दिला नाही.

"पटाला हात लावू नकोस," म्हणाली. "अकराव्या पाकिटातलं हिरव्याचं घर चिकटवायचं राहिलंय."

"आई, हिरवं मी आहे."

"तू होतीस," ती म्हणाली. "पाच वर्षं गाव ओसाड टाकून गेलीस. कुणीतरी बघायला नको?"

मग सगळं हळूहळू निघालं. मागच्या वर्षी निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात तिने पेटी खाली काढली. नियमांचं पुस्तक तीनदा वाचलं, पेन्सिलने खुणा करत. मला म्हणाली, "पान सतरा आणि पान बावीस यांचं आपसात पटत नाही, छापणाऱ्यांना मी लिहून कळवलंय." तुझ्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कामाला गुरुवारी सुट्टी असते हे तिला माहीत होतंच. तिने फोन लावला आणि तुला सांगितलं की मला पुढे खेळायचंय, पण फोनवर यायला मी कचरतेय, तेव्हा माझी चाल ती कळवेल. एका गुरुवारी दोन चाली. एक बैठक संपायला तीन महिने. तू खेळत गेलास.

वर्षभर, दादा! आठवड्यातून एकदा तू माझ्याशी खेळत होतास आणि मी कचेरीत भिंतींवर डोकं आपटत होते.

तिने गावाची वही दाखवली. प्रत्येक बैठकीनंतर दोघांनी एकेक ओळ लिहायची, तीच वही. तुझ्या ओळी तू सांगितल्यात, तिने उतरवल्यात. हिरव्याच्या ओळी तिच्या. सगळीकडे तारीख आणि वेळ, खिडकीवर लिहायची तशी. मी वाचत गेले.

आठवी बैठक: "लाल गावात साथ आहे असे समजल्यावरून औषधाच्या चार पेट्या पाठवल्या. मागणी आलेली नव्हती."

नववी बैठक: "टेकडीवर दुकान बांधले. लाल गावाने विचारले, कोणाचे. कळवले, ज्याचे वाहून गेले त्याचे."

मी पुढची ओळ दोनदा वाचली, मग आईकडे पाहिलं, मग परत वाचली. दहावी बैठक: "सातवे पाकीट मी मुदतीपूर्वी फोडले होते व गोंदाने परत चिकटवले होते. खोटी शपथ घेतली. चूक माझी आहे. माफी मागते. हिरवे गाव."

"हे तू त्याला वाचून दाखवलंस?"

"शब्द न् शब्द."

"माझ्या नावाने?"

"गावाच्या नावाने," ती म्हणाली. "तो म्हणाला, ठीक आहे. मागच्या गुरुवारी म्हणाला, बारावी बैठक फोनवर नको, अठ्ठावीसला येतो. रजा मिळाली."

अठ्ठावीसला तू घरी येणार होतास आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं! ती म्हणाली, आदल्या दिवशी सांगणार होते, म्हणजे मला पळायला वेळ मिळाला नसता.

मी तिच्यावर ओरडले, दादा. म्हटलं, माझ्या नावाने माफी मागायचा तुला काय अधिकार? पाकीट फोडलं की नाही हा वेगळा मुद्दा आहे, पण मागायची तर माझी मी मागेन, न मागायची तर न मागेन. ती ऐकत होती. फोन वाजून वाजून आपोआप बंद पडला. तिने परत लावला. तू उचलला नाहीस.

"वर्षात एक गुरुवार चुकला नाही त्याचा," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू काही लिहिलंस का त्याला?"

"तक्रार."

"काय लिहिलंस त्यात?"

मी सांगितलं. शेवटची ओळसुद्धा सांगितली, लेखी देते वाली. आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. हिरवं घर अजून चिमट्यालाच होतं, ते तिच्या पदराला चिकटलं. एकदा चिकटलं की निघत नाही.

माझं पत्र तुला केव्हा मिळालं? सोमवारी? मंगळवारी? दहाव्या बैठकीत मी कबूल झाले असं धरून तू रजा काढलीस, आणि माझ्या हाताने लिहिलेला कागद तुझ्या हातात पडला तो हा. आईने वर्षभर बांधत आणलेलं मी एका पत्रात पाडून आले.

आज एवढंच. पुढचं लिहायला सुचत नाही.

— धाकटी


रविवार, १५ तारीख

दादा,

तीन दिवस आई आणि मी एका घरात दोन भाडेकरूंसारख्या वावरलो. काल संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "मी पाहिलं होतं."

मी म्हटलं, काय?

"गोंदाची बाटली. कचेरीतली, निळ्या झाकणाची. तू ब्रश आत तसाच ठेवून झाकण उघडं टाकलंस, तो वाळून बाटलीला चिकटला. दुसऱ्या दिवशी मी बाटली शोधत पेटीपर्यंत आले. सातव्याचं तोंड वाकडं चिकटलेलं होतं."

म्हणजे पाचव्या बैठकीच्याही आधीपासून तिला माहीत होतं. मग त्या दिवशीचं सगळं डोळ्यांसमोर आलं आणि ती कुठे उभी होती तेही आठवलं.

तूही तिथे होतास, पण आता मी जसं घडलं तसं लिहिते. इतकी वर्षं मी ते स्वतःलासुद्धा नीट सांगितलेलं नाही.

सातवी बैठक संपली. पाकीट तू फोडलंस. पूर. खालच्या ओळीतली घरं वाहून जाणार. ज्याच्याकडे बारा लाकडं असतील त्याचाच बांध टिकणार. माझ्याकडे बारा लाकडं होती. अकरा नाही, तेरा नाही, बरोब्बर बारा, आणि त्यातली पाच मी तुझ्याकडून पुलासाठी म्हणून घेतलेली. तुझ्याकडे काही उरलं नव्हतं. तुझ्या खालच्या ओळीत 'बाबांचं दुकान' होतं. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते घड्याळं दुरुस्त करायचे तिथे आता दुसऱ्याची पाटी होती, म्हणून तू ते दुकान पटावर मांडलंस, नदीकाठी, कारण त्यांना पाणी बघत बसायला आवडायचं. नियम असा की खोडायचं ते समोरच्याने. मी पेन घेतलं आणि खोडलं. दोन रेघा. हात थरथरला नाही, हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

तू लाकडं मोजलीस. मग पाकिटाचं तोंड बोटाने चाचपलंस. विचारलंस, "फोडलं होतंस?" मी नाही म्हटलं. "आईच्या डोक्यावर हात ठेवून सांग." आई वाटाणे सोलत बसली होती. मी उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मग तू तिला विचारलंस, "आई, तू सांग." आणि ती म्हणाली, "मला काय कळतंय तुमच्या खेळातलं."

काल तिला विचारलं, का म्हणालीस तसं? ती म्हणाली, "तुझा हात डोक्यावर होता. तो गार पडला होता. मला वाटलं, खरं बोलले तर तू जन्मभर तशीच गार राहशील. त्याचं काय, तो मोठा आहे, आज रागावेल, उद्या विसरेल." मग म्हणाली, "एकतीस वर्षं खिडकीवर बसले, कुणाची तक्रार दाबली नाही. घरातली एक दाबली."

तू चौथ्या दिवशी बॅग घेऊन गेलास.

फोडलं, दादा. मी फोडलं होतं. चौथ्या बैठकीनंतर, एका दुपारी, स्वयंपाकघरातल्या किटलीची वाफ देऊन. वाचलं, परत ठेवलं, गोंद लावला.

का, ते सांगते. त्याने काही कमी होत नाही, पण सांगते. लहानपणापासून आपल्या घरात मी लिंबूटिंबू. लपाछपीत मी सापडले तरी राज्य माझ्यावर नाही. पत्त्यांत हरले तर डाव धरायचा नाही. तुझे मित्र हसायचे, तू म्हणायचास, "असू दे रे, लहान आहे." मी रडायला लागले की पत्ते फेकून म्हणायचास, "चल, तूच जिंकलीस." तुला वाटायचं लाड करतोयस. मी त्या जिंकण्याचा इतका राग राग केलाय की तुला कल्पना नाही. मला एकदा, फक्त एकदा, तू न देता जिंकायचं होतं. 'दोन काठ' आणला तेव्हा वाटलं, यात भोज्या नाही, मागे फिरणं नाही, इथे तरी सगळं धरलं जाईल. आणि मी काय केलं? पहिली संधी मिळताच फसवलं. दुकान वाहून जाईल हे पाकिटात लिहिलेलं नव्हतं, पण खालची ओळ म्हटल्यावर ते मला कळलं होतं. कळूनही तुझ्याकडून पाच लाकडं घेतली.

या धंद्यात पडल्यापासून माझ्या मेंदूची सवयच बिघडली आहे. चूक झाली की मागच्या भोज्याला जायचं, तिथून नीट खेळायचं. सहा वर्षं मी त्या टेबलाशी परत परत गेलेय, आणि दर वेळी उठून आईच्या डोक्यावर हात ठेवलाय. एकदासुद्धा नीट खेळता आलं नाही.

आज सकाळी आईने दोनदा फोन लावला. तू उचलला नाहीस. मग अठ्ठावीससाठी धुऊन ठेवलेली तुझी चादर तिने घडी करून कपाटात परत ठेवली. ते मला बघवलं नाही.

सोबत चिठ्ठी जोडते आहे. आईच्या कपाटात अजून पंचवीस-तीस आहेत.

तक्रारदार: धाकटी.
कोणाविरुद्ध: धाकटी.
तक्रार काय: सातवं पाकीट चोरून फोडलं. भावाला फसवून लाकडं घेतली. बाबांचं दुकान खोडलं. आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले. एक तारखेच्या पत्रात तेच खोटं परत लिहून दिलं. दहाव्या बैठकीतली माफी माझी नव्हती. ही माझी आहे.
काय हवं:

चौथा रकाना तासभर समोर धरून बसले. माफी हवी असं लिहायला पेन उचललं, पण ती मागण्यासारखं मी काय केलंय? तू ये असं लिहायचा हक्क नाही. म्हणून रिकामा सोडला.

— धाकटी


बुधवार, २५ तारीख

दादा,

आज तुझा लिफाफा आला. आईने दारातच घेतला आणि न फोडता माझ्या हातात दिला. आमच्या घरात पाकिटांबद्दल आता फार शिस्त आहे.

आतून माझीच चिठ्ठी निघाली. तीच, माझ्या अक्षरातली. वर तुझ्या हाताने आडवी रेघ आणि "परत" असं लिहिलेलं. मी खुर्चीवर बसले. आईने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "परत पाठवली." ती उभ्या जागी भिंतीला टेकली.

मग तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, खिडकीवर घ्यायची तशी, आणि सवयीने उलटून पाहिली. एकतीस वर्षांची सवय. मी पाठ बघितलीच नव्हती. तिने मोठ्याने वाचलं, आणि तू लिहिलेलंच तुला परत लिहून पाठवते, कारण ते तिच्या आवाजात कसं वाटलं ते तुला कळायला हवं:

"चौथा रकाना रिकामा आहे. अशी चिठ्ठी खिडकीवर घेतात का? आईला विचार. भरून दे.

"हिरव्याचं आई खेळते हे मला पहिल्याच गुरुवारी कळलं. तू न मागता कधी कुणाला औषध पाठवलंस? दहाव्या बैठकीतली माफीही तिचीच होती. तिची तिच्या वाटची. ती मी घेतली. तुझी बाकी होती.

"तुझं एक तारखेचं पत्र वाचून फोन उचलला नाही. उचलला असता तर ओरडलो असतो, आणि आपल्यात तोंडी तक्रार घेत नाहीत. रजा रद्द केलेली नाही. शनिवारी गाडी अकराला पोचते."

आईने ते तीनदा वाचलं. मला वाटलं आता रडेल. ती एकदम उसळलीच. "म्हणजे वर्षभर मी 'ती असं म्हणते, ती तसं म्हणते' करत होते, आणि हा पलीकडून सगळं कळून ऐकून घेत होता? आईला वेड्यात काढतो?" इतका धक्का तिला निवृत्तीच्या पत्रानेसुद्धा बसला नव्हता. मग ती कपाटापाशी गेली, चादर बाहेर काढली, आणि तिच्यात तोंड घालून हसली की रडली ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

मी मात्र अजून जागेवर आलेले नाही. तुला सगळं माहीत होतं. तिने दिलेली माफी तू माझ्या खात्यात धरली नाहीस. आईने मला पुन्हा एकदा लिंबूटिंबू धरलं होतं, माझ्या वाटचं राज्य स्वतः घेऊन. सहा वर्षं घरात फक्त तुलाच वाटत होतं की हिची चूक ही हिची चूक आहे, ती हिनेच सांगायला हवी. मला वाटायचं तू निष्ठुर आहेस. तू पहिल्यांदाच माझ्याशी खरं खेळत होतास.

हे पोस्टात टाकत नाही, तोवर तू निघालेला असशील. पेटीत, बाराव्या पाकिटावर ठेवते आहे. पाकीट बंद आहे. आईने येता-जाता दोनदा तपासलंय, आणि मला त्याचा राग आलेला नाही. बारावी बैठक हिरव्याकडून मी खेळणार. आईने गाव ताब्यात दिलं, पण दवाखाना पाडायचा नाही अशी अट घालून. टेकडीवरच्या दुकानाला नाव तू घाल, पेन तिथेच ठेवलंय.

चिठ्ठीही सोबत आहे. रकाना भरला.

काय हवं: या डावात मला लिंबूटिंबू धरू नये.

— धाकटी